आलुबुखारावरचे पाहुणे

“माणूस आणि कीटक यांच्या सनातन लढाईत अखेरचा विजय माणसाचाच आहे, आणि त्या विजयाचा आरंभ आपल्या गल्लीतून होणार आहे!” असं भाऊसाहेबांनी खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं. टाळ्या पडणार एवढ्यात एक भुंगेरा त्यांच्या कॉलरमधून आत उतरला. पुढचा काही वेळ माणसाच्या बाजूनं फारसा चांगला गेला नाही. भाऊसाहेब आधी खुर्चीवर नाचले, मग खाली उतरून नाचले, आणि शेवटी समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा शर्ट मागून वर करून झटकला, तेव्हा कुठं भुंगेरा बाहेर पडला. तो पळून वगैरे गेला नाही. डॉक्टरांच्याच कुंपणावरच्या गुलाबावर जाऊन बसला आणि जेवायला लागला.

“बघा, आहे का काही लाजलज्जा?” भाऊसाहेब शर्ट खोचत म्हणाले.

“गुलाब माझा आहे,” डॉक्टर म्हणाले. “लाज काढायची असेल तर मी काढीन.”

भुंगेरा परदेशी होता. कुठल्याशा जहाजातून, कुठल्याशा कुंडीतल्या मातीत बसून तो आला म्हणे. नखाएवढा, हिरव्या डोक्याचा, तांबूस पाठीचा. दिसायला इतका देखणा की सुरुवातीला गल्लीतल्या एक-दोघींनी ‘असे कानातले मिळतील का’ अशी चौकशी केली होती. पण खायला बसला की मासा खाऊन काटा ठेवावा तसा पान खाऊन शिरा ठेवायचा. उरायची ती नुसती जाळी.

भाऊसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सारा जन्म दुकानदारांच्या काट्यांखाली वाकून शिक्का बघण्यात गेला. नोकरी सुटली, वाकायची सवय सुटली नाही. कुणाचं नवं बाळ बघायला गेले तरी ते आधी बाळाला नव्हे, बाळाचं वजन करायच्या काट्याला भेटत. अशा माणसाला गल्लीनं झाडं वाचवा समितीचा अध्यक्ष का केलं, तर खुर्चीवर उभं राहून बोलायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

भाऊसाहेबांना समितीची काळजी होती ती मात्र खरी एकाच झाडापायी. त्यांच्या अंगणात आलुबुखार होता. अंगण भाऊसाहेबांचं, झाड बायकोचं. मुलं शाळेत होती तेव्हा तिनं ते लावलं, आणि तेव्हापासून ते दरवर्षी फुलायचं आणि फळाच्या वेळी हात वर करायचं. एखाद-दुसरं धरलंच तर ते पाखरं न्यायची. “आमच्या खात्यातल्या बढतीसारखं आहे हे,” भाऊसाहेब म्हणत. “चर्चा फार, हातात काही नाही.” यंदा मात्र काय झालं कोण जाणे, झाड पहिल्यांदाच खरोखर लगडलं. आणि नेमकं यंदाच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना उतरायला बंदी. वरच्या खोलीची खिडकी झाडाच्या शेंड्याला लागूनच होती, तिथं खुर्ची टाकून ती बसे, आणि खालचा कारभार आला भाऊसाहेबांकडे.

कारभार देताना ती एवढंच म्हणाली, “अहो, मला हे झाड पानांसकट परत हवंय. यंदाचं फळ मला बघायचंय.”

“अगं, पानांचं काय घेऊन बसलीस! एका पानाला धक्का...”

“पानांसकट,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी ते कुणाकडं द्यायचं, ते मग बघू.”

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या भरवशावर सोडलेला हा दुसरा जीव. पहिली मांजर होती. तिचा विषय घरात निघत नसे.

म्हणून कॉलरच्या प्रकरणानंतर दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेब उद्यान सल्ला केंद्रात जाऊन बसले. हे केंद्र म्हणजे नगरपालिकेच्या रोपवाटिकेमागची एक पत्र्याची शेड. आत एक टेबल, टेबलावर भिंग, मातीचे नमुने तोलायचा काटा, आणि टेबलामागं उद्यानखात्याच्या मॅडम. समोर रांग. लोक आपापली दुखणी डब्यातून, पाकिटातून, रुमालातून घेऊन आलेले. एका काकांनी तर सगळी फांदीच बसमधून आणली होती आणि तिचं तिकीट मागितलं म्हणून कंडक्टरशी झालेलं भांडण ते अजून एकटेच भांडत होते.

भाऊसाहेबांनी चष्म्याच्या डबीतून भुंगेरा काढला. मॅडमना भिंगाची गरजही लागली नाही.

“आला का तुमच्याकडंही? देते सापळे. कामगंध सापळा म्हणतात याला.”

भाऊसाहेबांनी रांगेत ओळखीचं कुणी आहे का ते पाहून घेतलं. “काय गंध म्हणालात?”

“कामगंध. यात दोन वास असतात. एक फुलांचा, एक मादीचा. भुंगेरे त्या वासानं येतात, या पिवळ्या पंख्यावर आपटतात आणि खालच्या पिशवीत पडतात.”

“मॅडम, आमच्या गल्लीत सभ्य लोक राहतात.”

“ते भुंगेऱ्यांना सांगा,” मॅडम म्हणाल्या. “बरं, आता सापळा कुठं लावायचा ते नीट ऐका. सगळं त्यावरच आहे.”

नेमका त्याच वेळी मदतनिसानं मातीचा एक नमुना काट्यावर ठेवला, आणि काटा जरा जास्तच आनंदानं खाली गेला. भाऊसाहेबांना राहवेना. ते वाकले. मॅडमनी जे काही सांगितलं ते टेबलाच्या वर सांगितलं. भाऊसाहेब त्या वेळी टेबलाच्या खाली शिक्का शोधत होते.

“शिक्का जुना आहे हो तुमचा,” ते वर येत म्हणाले.

“सापळ्याचं कळलं ना सगळं?”

“अगदी!” भाऊसाहेब म्हणाले. न कळलेल्या गोष्टीला ‘अगदी’ म्हणायची त्यांची सरकारी सवय होती.

गल्लीत आल्यावर सापळा कुठं बांधायचा हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. “शत्रूला दारातच गाठायचं,” भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी तो आलुबुखाराच्याच फांदीला बांधला. डॉक्टरांनी गुलाबाला, कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांनी द्राक्षाच्या वेलाला. जे राखायचं त्याच्याच गळ्यात पहारेकरी. यात चूक काढायला जागाच नव्हती.

आणि काय सांगावं! संध्याकाळपर्यंत पिशव्या भरल्या. भाऊसाहेबांनी स्वयंपाकघरातला काटा फाटकाशी आणून पिशवी तोलली, तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी वजन वाढलं. तिसऱ्या दिवशी आणखी वाढलं. रोज संध्याकाळी सगळी गल्ली फाटकाशी जमू लागली. कुणाचे भुंगेरे जास्त, यावर माणसं कधी नव्हे ती एकमेकांच्या घरी डोकावू लागली.

“डॉक्टर,” एकदा भाऊसाहेब काट्यावरून मान वर न करता म्हणाले, “हे भुंगेरे ओले आहेत.”

“दव पडलं असेल.”

“संध्याकाळी?”

“घाम असेल मग. लांबून आलेत बिचारे.”

“चाळीस वर्षं भिजवलेली डाळ पकडलीय मी, डॉक्टर. उन्हात घाला आणि मग आणा.”

हसून हसून टेलरमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं पिशव्या पुरेनात, तेव्हा ह्याच टेलरमास्तरांनी तोड काढली: न्यायला न आलेल्या पॅन्टींचे पाय कापायचे, तळाशी शिवायचे आणि सापळ्याखाली लावायचे. गल्लीत झाडोझाडी पॅन्टींचे पाय लोंबू लागले. आत हजारो भुंगेरे वळवळत, त्यामुळं वारा नसतानाही ते पाय चालल्यासारखे दिसत. परक्या माणसानं पाहिलं असतं तर पोलिसांत गेला असता. गल्लीला मात्र त्या पायांचा अभिमान होता.

अभिमानाला दृष्ट लागली ती वरच्या खिडकीतून.

“अहो,” बायको म्हणाली, “शेंड्याची पानं विरळ झालीत.”

“भुंगेरे किती पकडलेत ते बघ ना!”

“तेच बघतेय दिवसभर, दुसरा उद्योग काय मला? ते आपल्या गल्लीतले नाहीत. त्या मागच्या गल्लीच्या छपरांवरून थवेच्या थवे येतात. सापळ्याच्या रोखानं येतात आणि उतरतात माझ्या झाडावर. थोडे पडतात तुमच्या पॅन्टीत, बाकीचे पानावर बसतात.”

“असं कसं होईल? मॅडमनी सांगितलंय, ते वासाला येतात.”

“लग्नाला येतात ते लोक नवरा-नवरीला बघायला थोडेच येतात? जेवायला येतात.”

भाऊसाहेबांना हे पटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं ते मनात म्हणाले. तोंडावर म्हणायचं धाडस त्यांनी नोकरीच्या काळातही कधी केलं नव्हतं. उलट त्यांनी त्याच फांदीला आणखी एक सापळा बांधला. आता निम्म्या झाडाची जाळी झाली. खाली उभं राहिलं की पानांतून आकाश दिसायचं, आणि आकाशातून बायको दिसायची. ती काही बोलत नव्हती. भाऊसाहेबांना तिचं बोलणं परवडे. न बोलणं आलं की त्यांना मांजर आठवे.

अशात एके सकाळी मागच्या गल्लीत राहणाऱ्या, बँकेत कामाला असलेल्या ताई फाटकाशी आल्या. हातात गुलाबांचा हा एवढा मोठा गुच्छ. पाकळी न् पाकळी शाबूत.

“भाऊसाहेब, आमच्या गल्लीतर्फे आहे हे. तुमचे उपकार कसे फेडायचे!”

“आम्ही काय केलं?”

“अहो, तुम्ही सापळे लावल्यापासून आमच्याकडं औषधाला भुंगेरा नाही. माझ्या सासूबाईंचे गुलाब बघाल तर! त्या म्हणाल्या, ज्यांनी आपलं संकट अंगावर घेतलं त्यांना आधी फुलं दे.”

भाऊसाहेबांनी एका हातात गुच्छ धरला, दुसऱ्या हातानं फाटक धरलं. त्यांनी मान वळवून डॉक्टरांच्या कुंपणाकडं पाहिलं. तिथं गुलाबांचे काटे तेवढे राहिले होते, कारण काटे भुंगेऱ्यांना आवडत नसावेत.

त्याच दिवशी दुपारी उद्यानखात्याच्या मॅडम आल्या. भाऊसाहेबांनीच आदल्या दिवशी केंद्रात जाऊन वजनांचा आकडा ऐकवला होता आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले होते. मॅडम शाबासकी द्यायला आल्या नव्हत्या. त्या फाटकातच थबकल्या. त्यांनी एकदा झाड पाहिलं, एकदा पॅन्ट पाहिली.

“सापळा झाडाला का बांधलाय?”

“मग कशाला बांधणार?”

“मी सांगितलं होतं ना? झाडांपासून लांब, मोकळ्या माळावर. भुंगेरे कुठं आहेत, किती आहेत, ते कळायला असतो तो सापळा. राखण करायला नव्हे.”

“केव्हा सांगितलं?”

“तुम्ही काट्याखाली होतात तेव्हा.”

भाऊसाहेब पॅन्टच्या लोंबत्या पायाकडं बघू लागले.

“या वासानं अख्ख्या गावातले भुंगेरे येतात,” मॅडम म्हणाल्या, “आणि त्यातले मूठभर पिशवीत पडतात. तुम्ही गावजेवण घातलंय, भाऊसाहेब. बोलावणं सुद्धा तुमचंच.”

“घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,” टेलरमास्तर पुटपुटले.

“व्याह्यानं कुठं धाडलंय?” डॉक्टर म्हणाले. “आपणच जाऊन घेऊन आलो.”

“मॅडम,” वरून आवाज आला, “जरा मोठ्यानं सांगा ना. मला नीट ऐकायचंय.”

मॅडमनी पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं. भाऊसाहेबांनी तेही उभ्या उभ्या ऐकून घेतलं. यावेळी वाकायला खाली काही नव्हतं.

मग ते जिना चढून वर गेले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. ती खिडकीशी होती.

“मांजराच्या वेळीही तुम्ही असेच दारात उभे राहिला होतात,” ती म्हणाली.

“अगं, मी...”

“झाड मेलं का?”

“नाही. मॅडम म्हणतात, झाड पुन्हा पानं फोडेल. पण आता आणखी पानं गेली तर ते फळ धरून ठेवणार नाही.”

“मग काय करायचं म्हणतात?”

“आधी सापळे काढायचे. मग रोज पहाटे फांदी हलवायची, खाली साबणाच्या पाण्याची बादली धरायची. ऊन चढेपर्यंत ते गारठलेले असतात म्हणे. उडत नाहीत. सुस्त, नुसते फांदीला धरून पडलेले. ढकललं तरी पंख उघडायचे कष्ट घेत नाहीत, खाली पडतात.”

“तुमच्यासारखे,” ती म्हणाली.

एवढं ऐकल्यावर भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. ती चिडली की नुसती गप्प राहायची. टोमणा आला म्हणजे घर जागेवर होतं.

सापळे त्याच संध्याकाळी निघाले आणि पाण्याच्या टाकीपलीकडच्या माळावर गेले. तिथं दगडांखेरीज खाण्यासारखं काही नव्हतं. गाव डोंगरातलं, उन्हाळ्यातही पहाट गार; दुसऱ्या दिवशी उजाडताना भाऊसाहेब स्वेटर घालून, बादली घेऊन झाडाखाली उभे होते. वर खिडकी उघडी होती.

“डावीकडं,” वरून हुकूम आला. “त्याच्या वरची. नाही, तुमची डावी. अहो, लग्नात पण तुम्ही डावी-उजवी बाजू चुकला होतात.”

“ही?”

“हलवा. जोरात. झाड आहे, पाहुणा नाही, लाजताय काय?”

टपटप टपटप करत भुंगेरे बादलीत पडले. भाऊसाहेबांच्या टकलावरही पडले. पण एवढ्या अनुभवानंतर त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून ठेवलेलं होतं.

त्याच्या पुढच्या दिवशी डॉक्टर आपली बादली घेऊन आले. त्यांनी दात बघायचा लांब दांड्याचा आरसा आणला होता. पानाखाली आरसा धरून ते म्हणायचे, “इथं खालच्या बाजूला, आत एक आहे. मोठा आ करा... म्हणजे, फांदी वर करा.” टेलरमास्तर मोजपट्टी वरच्या डहाळीवरून टाकून, तिची दोन्ही टोकं धरून डहाळी खाली ओढत. पहाटेची थंडी, साबणाचा वास, वरून हुकूम, खालून थट्टा. कुणी थर्मासमधून चहा आणायला लागलं. आता वजन कुणी करत नव्हतं. डॉक्टरांनी एकदा विचारलं, “तोलायचे का?” तर भाऊसाहेब म्हणाले, “नको. मोजायला लागलं की माणसाला ते जास्त असावेत असं वाटायला लागतं.” हे वाक्य बोलून ते स्वतःच थोडा वेळ चकित झाले.

मग मागच्या गल्लीतल्या बँकेतल्या ताई पुन्हा आल्या. हातात गुच्छ नव्हता.

“भाऊसाहेब, हे काय! तुम्ही सापळे काढलेत? परत आलेत हो ते आमच्याकडं! सासूबाई म्हणतात, त्यांना परत बोलवायला सांगा.”

“बादली आहे घरी?”

“आहे की.”

“आणि सासूबाईंना पहाटे उठायची सवय?”

“सगळ्यांना उठवायचीसुद्धा आहे.”

“मग काम झालं,” भाऊसाहेब म्हणाले. आणि खरोखर झालंही. त्या गल्लीत सासूबाईंच्या आवाजानं माणसं आधी उठली की भुंगेरे आधी पडले, यावर अजून एकमत नाही.

हळूहळू भुंगेरे कमी झाले. संपले म्हणाल तर नाही. संपत नाहीत ते, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतील, तेव्हा पुन्हा बादली. पण आलुबुखारानं बुडख्याकडून लुसलुशीत पानं फोडली. शेंडा विटका, खालचा घेर हिरवा, म्हणजे डोकं पांढरं आणि मिशा काळ्या असं काहीसं झाड दिसायला लागलं. आणि आतल्या फांद्यांवर, पानांच्या आडोशाला, फळं टिकून राहिली होती. दिवसागणिक ती जांभळी होत गेली.

बायकोला जिना उतरायची परवानगी मिळाली त्या दिवशी गल्लीनं विनाकारण अंगणाशी गर्दी केली. ती कठडा धरून, एकेक पायरी, कुणाचाही हात न घेता खाली आली. झाडाखाली उभी राहिली. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. जाळी झालेलं एक पान हातात घेऊन त्यातून तिनं भाऊसाहेबांकडं पाहिलं.

“पानांसकट म्हणाले होते मी,” ती म्हणाली.

“निम्मी आहेत,” भाऊसाहेब म्हणाले. “वजनात पन्नास टक्क्यांची तूट खातं चालवून घेत नाही, मला ठाऊक आहे.”

तिनं पान खाली टाकलं. भाऊसाहेबांनी हात वर करून सगळ्यात पिकलेलं फळ काढलं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. इतक्या वर्षांचं झाड, पण त्याचं पिकलेलं फळ घरातल्या कुणी कधी चाखलं नव्हतं. डॉक्टर फाटकाला टेकून उभे. टेलरमास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून हातात घेतली. पुढच्या वर्षी झाड कुणाकडं जाणार, याचा निकाल आता लागणार होता, आणि भाऊसाहेबांना बढतीच्या मुलाखतीतही एवढा घाम फुटला नव्हता.

तिनं फळाचा एक घास घेतला. डोळे मिटले. एक डोळा उघडला. पुन्हा मिटला. सगळं अंगण श्वास रोखून होतं. मग तिनं हळूच गिळलं, जीभ टाळ्याला लावली आणि भाऊसाहेबांकडं वळून म्हणाली,

“अहो, पुढच्या वर्षी बादली जरा लवकर काढा. आणि आत्ता आतून चिमूटभर मीठ आणता का?”